वादळाच्या दिवशी आवाज कुठवर जातो
(पणजी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मालीम जेटीवरून निघालेला एक ट्रॉलर देवगडच्या समोर, आग्वादपासून शंभर किलोमीटरवर आहे असं धरू. त्याच्या केबिनमध्ये २५ वॅटचा व्हीएचएफ संच आहे आणि अँटेना पाण्यापासून चार मीटर उंच आहे. इकडे आग्वादच्या डोंगरावर एक अँटेना उभी केली आणि तिची समुद्रसपाटीपासूनची उंची १०० मीटर भरली. तांडेलानं सोळा नंबरच्या चॅनलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, मदतीची हाक मारली. ती इथं ऐकू येईल का?

जगभरचे अभियंते गेली शंभर वर्षं या प्रश्नाचं उत्तर गणितानं देत आले आहेत. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या किनाऱ्यासाठी ते उत्तर आपल्या हवेवरून काढायला हवं, आणि तेसुद्धा वर्षातल्या वाईट दिवसाच्या हवेवरून. सध्या सर्रास जे काढलं जातं ते दुसऱ्याच कुठल्या तरी समुद्राचं उत्तर असतं.

आधी सोपा हिशेब करू. मध्ये पृथ्वी नाही, डोंगर नाही, नुसती पोकळी आहे असं मानलं, तर अंतर दुप्पट झालं की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. या नियमानं १५६.८ मेगाहर्ट्झच्या लहरीचा शंभर किलोमीटरमध्ये ११६ डेसिबल ऱ्हास होतो. डेसिबलचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: १० डेसिबल म्हणजे दसपट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. ११६ हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण संच इतके संवेदनशील असतात की एवढा ऱ्हास होऊनही, आवाज समजायला जेवढी शक्ती लागते तिच्या लाखपट शक्ती आग्वादच्या अँटेनावर येऊन पडेल. पोकळीत असतो तर २५ वॅटमध्ये आपण हजारो किलोमीटरपर्यंत बोलू शकलो असतो.

अडचण पृथ्वी गोल असल्याची आहे. शंभर किलोमीटरच्या मार्गावर बरोबर मध्यभागी, म्हणजे साधारण वेंगुर्ल्यासमोर, पृथ्वीचा फुगवटा दोन्ही टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा १९६ मीटर वर येतो. समुद्र आपल्याला सपाट दिसतो, पण रेडिओलहरीच्या वाटेत तो एक डोंगर असतो.

या डोंगरावरून लहर किती वाकते, याचं गणित पहिल्या महायुद्धाच्या काळातलं आहे आणि ते वेगळ्याच कारणानं झालं. १९०१ मध्ये मार्कोनीनं अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठवला. लहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे, मग संदेश पोहोचला कसा? काही जण म्हणत होते की लहर पृथ्वीच्या अंगाला चिकटून वाकत गेली. या वाकण्याला आपण विवर्तन म्हणतो. १९१८-१९ मध्ये जी. एन. वॉटसन या इंग्रज गणितज्ञानं गोलावरच्या विवर्तनाचं समीकरण सोडवलं आणि दाखवून दिलं की नुसत्या वाकण्यानं एवढं साधत नाही. क्षितिजापलीकडे शक्ती फार झपाट्यानं संपते. म्हणजे लहरीला परत खाली पाठवणारा थर वर आकाशात असलाच पाहिजे. हा थर म्हणजे आयनांबर, आणि त्याच्या बाजूचा हा मोठा पुरावा ठरला. पुढे कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांनी याच आयनांबराच्या अभ्यासाची भारतात परंपरा उभी केली.

व्हीएचएफ म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झ. या लहरींना आयनांबर सहसा परत पाठवत नाही. त्या थर भेदून अवकाशात निघून जातात. म्हणून वॉटसननं मार्कोनीच्या बाबतीत जे अपुरं ठरवलं, नेमकं तेच आपल्या वाट्याला उरतं. आपल्या ट्रॉलरचा हिशेब या पद्धतीनं केला, तर पोकळीतल्या ऱ्हासावर आणखी सुमारे ५५ डेसिबल चढतात. म्हणजे तीन लाखपट घट. लाखपट शिल्लक होती, तीन लाखपट गेली. हाक पोहोचत नाही, पण थोडक्यात हुकते. क्षितिज ओलांडल्यावर या लहरी दर किलोमीटरला साधारण अर्धा डेसिबल गमावत जातात. त्यामुळे तोच ट्रॉलर साठ किलोमीटरवर असता तर स्पष्ट ऐकू आला असता.

हे ५५ डेसिबल काढताना मी एक गोष्ट गृहीत धरली होती. तीच आजच्या विषयाचं मर्म आहे.

हवा खाली दाट असते आणि वर विरळ. त्यामुळे आडवी निघालेली लहर किंचित खाली झुकते, जमिनीच्या वक्रतेला थोडी साथ देते. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या शेलिंग, बरोज आणि फेरेल यांनी हे झुकणं हिशेबात घेण्याची एक सुरेख युक्ती काढली. लहर सरळच जाते असं माना आणि पृथ्वीची त्रिज्या चार तृतीयांश पट मोठी धरा. ६,३७० किलोमीटरच्या जागी ८,५०० किलोमीटर. मग मधला फुगवटा १९६ वरून १४७ मीटरवर येतो. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ नं गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. आग्वादच्या अँटेनाचं ४१ आणि ट्रॉलरचं ८, मिळून ४९ किलोमीटर. दोन होड्या आपसात बोलत असतील तर जेमतेम १६. जगातल्या बहुतेक पुस्तकांत हा चार तृतीयांशाचा आकडा निसर्गनियमासारखा छापलेला असतो. तो समशीतोष्ण प्रदेशातल्या सरासरी हवेचा आकडा आहे.

आपली हवा तशी नाही. हवेचा अपवर्तनांक एकापेक्षा किती जास्त आहे, हे दशलक्षांशांत सांगण्याची पद्धत आहे. तो दाब, तापमान आणि बाष्प या तिघांवर ठरतो, आणि उष्ण प्रदेशात बाष्पाचा वाटा फार मोठा असतो. रेडिओचा पल्ला काढण्याच्या प्रचलित संगणकीय पद्धतींमधली एक जुनी आणि आजही खूप वापरली जाणारी पद्धत म्हणजे अनिता लाँगली आणि फिल राइस यांची, १९६८ ची. तिच्यावर आधारलेल्या प्रणालींमध्ये हवेचा हा आकडा आपण भरला नाही तर ३०१ धरला जातो. पणजीचं तापमान २७ अंश आणि बाष्पाचा दाब २८ हेक्टोपास्कल धरून सूत्रात घाला. ३७७ येतो. म्हणजे आपल्याकडे तो ३८० च्या आसपास खेळतो.

एवढ्यानं काय फरक पडतो? लाँगली-राइस यांच्याच सूत्रात ३८० घातलं की पृथ्वीची मानीव त्रिज्या ८,५०० वरून १०,४०० किलोमीटरवर जाते आणि शंभर किलोमीटरच्या मार्गावर पाचेक डेसिबल परत मिळतात. म्हणजे तिप्पट शक्ती. आपला ट्रॉलर तेवढ्यानंच हुकत होता! एका रकान्यात भरलेल्या आकड्यानं 'ऐकू येणार नाही'चं 'काठावर ऐकू येईल' होतं. एखाद्या किनारी केंद्राची जागा ठरवताना तो रकाना कोणी भरला आणि कुठून भरला, हे विचारायलाच हवं.

पण इथंच थांबलं तर दुसरी फसगत होते. जमिनीवरचा हा आकडा सगळ्यात मोठा कधी असतो? जुलै-ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा हवेत बाष्प भरपूर असतं. सूत्रावर विसंबलं तर जुलै हा रेडिओसाठी मार्चपेक्षा चांगला महिना ठरेल. प्रत्यक्षात उलट आहे, आणि त्याचा जगप्रसिद्ध पुरावा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत २०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे दीड मीटर तरंगलांबीचं, एक रडार होतं. उन्हाळ्याच्या मोसमात त्या रडारवर थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत. अंतर १,७०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २,७०० किलोमीटर. लहर इथून निघाली, समुद्र ओलांडून गेली, खडकावर आपटली आणि परत मुंबईला आली. जायला-यायला तिला सेकंदाचे अठरा सहस्रांश लागले असणार. विवर्तनाच्या हिशेबानं या अंतरावरून काहीही परत येऊ शकत नाही. तरी ते येत होतं. युद्धानंतर अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या रेडिओप्रसारणावरच्या ग्रंथांनी या नोंदीची दखल घेतली आणि आजही विद्यार्थ्यांना मुंबईचं हे उदाहरण शिकवतात. आपल्या विद्यार्थ्यांनाही ते माहीत असावं असं मला फार वाटतं.

हे घडतं कसं? रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारे समुद्राकडे वाहतात. थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ही हवा कोरडी आणि तापलेली असते. ती समुद्रालगतच्या दमट हवेवर पसरते. खाली बाष्प, वर कोरडं, आणि मध्ये एकदम तुटलेला सांधा. सामान्य हवेत अपवर्तनाचा तो आकडा दर किलोमीटर उंचीला ३९ नं घटतो. ही घट १५७ च्या पुढे गेली की लहर पृथ्वीच्या वक्रतेपेक्षाही जास्त झुकते, वर निसटू शकत नाही आणि समुद्राला धरून वाहत राहते. अभियंते याला डक्ट म्हणतात. समुद्राच्या पृष्ठभागावर बाष्पीभवनामुळे दहा-वीस मीटरचा पातळ डक्ट जवळजवळ नेहमीच असतो, पण तो रडारच्या सेंटिमीटर लहरींच्या कामाचा. आपल्या दोन मीटरच्या लहरीला अडकवायला दीडशे-दोनशे मीटर जाडीचा पट्टा लागतो, आणि तो मतलईच्या दिवसांतच बांधला जातो. मुंबईतल्या जुन्या माणसांकडून कराचीचं दूरदर्शन आपल्या अँटेनावर दिसायचं, असं आजही ऐकायला मिळतं. त्याचंही कारण हेच.

मग नैर्ऋत्येचा पाऊस येतो. वारा जोरात वाहतो, किलोमीटरच्या किलोमीटर उंचीपर्यंत हवा ढवळली जाते आणि सगळीकडे सारखीच दमट होते. जमिनीवरचा आकडा उच्चांकावर जातो, पण थर उरत नाहीत, आणि थर नाहीत तर डक्ट नाही. लहर आपली वॉटसनच्या गणिताकडे परत येते. पावसाचे थेंब व्हीएचएफला फारसे अडवत नाहीत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण उसळत्या समुद्रात होडी लाटेच्या पोटात जाते, चार मीटरची अँटेना क्षणभर लाटेमागे लपते आणि खाऱ्या पाण्यानं खाल्लेली जोडणी त्यात भर घालते.

म्हणजे समुद्र शांत असतो, कोणाला फारशी भीती नसते, तेव्हा आवाज शेकडो किलोमीटर जातो. आणि वादळात, जेव्हा त्या आवाजावर माणसांचे जीव टांगलेले असतात, तेव्हा तो पन्नास ते नव्वद किलोमीटरवर येऊन थांबतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ट्रॉलर ऑगस्टमध्ये पुन्हा बाहेर पडतात, आणि तेव्हा हवा अजून पावसाळीच असते. मार्चमध्ये चाचणी घेऊन 'आमचा संच देवगडपर्यंत लागतो' अशी खात्री कोणी मनाशी बांधली असेल, तर ऑगस्टमधल्या खवळलेल्या दर्यात ती खात्री जीवघेणी आहे. हे मला प्रत्येक जेटीवर जाऊन सांगावंसं वाटतं.

डक्टच्या दिवसांचं आणखी एक दुखणं आहे. दूरचा आवाज येतो म्हणजे नको असलेलाही येतो. सोळा नंबरच्या चॅनलवर शेकडो किलोमीटरवरची बोलणी एकमेकांवर चढतात आणि जवळच्या होडीची क्षीण हाक त्यात बुडू शकते. म्हणून चांगला दिवसही आंधळेपणानं चांगला म्हणता येत नाही.

मग तयार आलेख वापरले तर? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ३० मेगाहर्ट्झपासून वरच्या लहरींसाठी एका शिफारशीत आलेख प्रसिद्ध केले आहेत. एक हजार किलोमीटरपर्यंतच्या अंतराला किती क्षेत्रतीव्रता मिळेल, ५० टक्के वेळ किती, १० टक्के वेळ किती, १ टक्का वेळ किती, हे त्यांवरून काढता येतं. जमीन, थंड समुद्र आणि उबदार समुद्र असे त्यांचे वेगळे संच आहेत. काम मोठ्या कष्टाचं आहे आणि मला त्याविषयी आदर आहे. पण त्या आलेखांची पायाभूत मोजमापं मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातली, उत्तर समुद्र आणि भूमध्य समुद्रावरची आहेत, असं त्या शिफारशीतच म्हटलं आहे. भूमध्य समुद्राला मोसमी पाऊस ठाऊक नाही. सहा महिने मतलई आणि चार महिने ढवळलेली हवा, असा दुभंगलेला वर्षक्रम त्या टक्केवारीत बसवायचा तर वर्षाची सरासरी उपयोगाची नाही. आपल्याला दोन वेगळी वर्षं मानूनच हिशेब करावा लागेल. लाँगली-राइसमध्येही सात हवामानं निवडायला दिली आहेत. त्यांतलं गोव्याला जवळचं म्हणजे सागरी उपोष्ण, आणि त्याच्यापुढे उदाहरण लिहिलेलं असतं ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं.

आता थोडं जमिनीवर येऊ, कारण पेडणे आणि डिचोलीचे लोक इथं बसले आहेत आणि त्यांचा समुद्रापेक्षा डोंगराशी जास्त संबंध येतो.

पणजी ते पेडणे सरळ रेषेत पंचवीस किलोमीटर. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर उभं राहून लांबचं पठार नजरेस पडलं म्हणजे रेडिओ लागेलच, असं नाही. लहर काडीसारखी जात नाही. तिला भोवताली जागा लागते. एफएमच्या १०५.४ मेगाहर्ट्झला या मार्गाच्या मध्यावर १३० मीटरहून जास्त त्रिज्येची मोकळी जागा हवी. बार्देशातली पठारं त्यात घुसतात. डोंगराचा माथा दृष्टिरेषेला नुसता शिवला तरी सहा डेसिबल जातात, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती. मोपाच्या पठारावर चढलात तर काम सोपं होतं, तिथला विमानतळ वैमानिकांशी व्हीएचएफवरच बोलतो. पण पठाराच्या उतारावरून हरमल, मोरजीच्या किनाऱ्याकडे उतरा, आवाज गळत जातो. त्यात माड आणि काजूच्या बागा. झाडांचे बुंधे उभे असतात आणि वायरलेसच्या लहरीही उभ्या ध्रुवणाच्या असतात, त्यामुळे त्यांना जास्त मार बसतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडलं गेलं, शापोरा नदी फुगली आणि डिचोली तालुक्यातल्या साळपासून पेडण्यातल्या इब्रामपूरपर्यंतची गावं पाण्यात गेली. धरण सिंधुदुर्गात, पूर गोव्यात. अशा रात्री वीज जाते आणि मोबाइलच्या मनोऱ्यांची बॅटरी संपते. तिळारी ते पणजी सरळ अंतर चाळीसेक किलोमीटर. इथं पृथ्वीचा फुगवटा मध्यावर पंचवीस मीटर, तो दुय्यम आहे. खरी अडवणूक डोंगररांगांची. खोऱ्याच्या तळातून थेट पणजी गाठण्याचा हट्ट सोडून उंचावर एखादं पुनःप्रक्षेपक केंद्र ठेवणं हाच मार्ग. उंची काय करते हे पाहायचं असेल तर आंबोली पाहा. सुमारे ६९० मीटरवरून रेडिओचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. याच आंबोलीच्या जंगलातून १९५५ मध्ये लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोवामुक्तीचं गुप्त रेडिओकेंद्र सुरू केलं. ते प्रसारण व्हीएचएफवर नव्हतं, तेव्हा घरोघरच्या संचांत हा पट्टाच नसे. पण सह्याद्रीच्या कुशीतून गोव्याशी बोलता येतं हे त्यांनी १९६१ पर्यंत दाखवून दिलं, आणि रेडिओवर बोलताना गोव्यात त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

डिचोलीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. संगणक भूभागाचा उतार-चढाव ज्या नकाशावरून घेतो तो बहुतेक वेळा अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत टिपलेला असतो. त्यानंतर डिचोलीत किती माती हलली! २०१२ च्या बंदीपर्यंत खाणी तुफान चालल्या. जिथं टेकडी होती तिथं खंदक झाला, जिथं शेत होतं तिथं मातीचा ढीग उभा राहिला. जुन्या नकाशावर काढलेला हिशेब या तालुक्यात अशा डोंगराला वळसा घालतो जो आता नाही, आणि अशा ढिगावर आपटतो जो त्याला ठाऊकच नाही. शिरगाव, मये, साखळीच्या परिसरासाठी भूभागाची नवी मोजणी घेतल्याशिवाय कोणतंही भाकीत मी खरं धरणार नाही.

मग करायचं काय? दोन कामं आपल्या हातातली आहेत.

पहिलं, आल्तिनोवरच्या हवामान केंद्राचा फुगा. पणजी हे वरच्या हवेच्या निरीक्षणाचं ठाणं आहे. फुगा दाब, तापमान आणि आर्द्रता कळवत वर जातो. त्यावरून हव्या त्या उंचीचा अपवर्तनांक काढता येतो. फक्त ठरावीक दाबपातळ्यांची नोंद घेऊन भागणार नाही. १००० आणि ९२५ हेक्टोपास्कल यांच्यामध्ये जवळपास सातशे मीटरचं अंतर पडतं आणि दोनशे मीटरचा डक्ट त्या फटीत हरवतो. सेकंदासेकंदाची नोंद वापरली पाहिजे, आणि ऑगस्टचा हिशेब ऑगस्टच्याच फुग्यांवर केला पाहिजे.

दुसरं काम विद्यार्थ्यांनी करण्याजोगं आहे. मोठी जहाजं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आपलं नाव आणि ठिकाण सतत प्रसारित करत असतात, शक्ती १२.५ वॅट. ट्रॉलरच्या चॅनलला अगदी लागून असलेली ही लहर. स्वस्तातला संगणकी रेडिओ आणि छपरावरची साधी अँटेना यांवर ती टिपता येते. जहाज स्वतःच सांगतं की मी इथं आहे. आपल्याला ते किती तीव्रतेनं ऐकू आलं, ते आपण लिहायचं. प्रत्येक संदेश म्हणजे त्या क्षणीच्या ऱ्हासाचं एक मोजमाप. हजारो रुपयांच्या मोजणीबोटीचं काम जाणारी-येणारी जहाजं फुकट करून देतात. तेरेखोलच्या बाजूला एक, आग्वादला एक आणि दक्षिणेला काणकोणात एक अशा तीन ठिकाणी वर्षभर नोंद ठेवली, तर अरबी समुद्राच्या या पट्ट्याचे आपले स्वतःचे आलेख तयार होतील: मतलईच्या महिन्यांचे वेगळे आणि पावसाळ्याचे वेगळे. पेडण्यात महाविद्यालय आहे, पणजीत आहेत, दोना पावल्याला १९६६ मध्ये स्थापन झालेली समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. भौतिकशास्त्राच्या एखाद्या शिक्षकानं हे मनावर घेतलं, तर येत्या नारळी पौर्णिमेआधी पहिला संच छपरावर बसू शकतो. अँटेनाचं माप, जोडणीची पद्धत आणि नोंदवहीचा नमुना मी बरोबर आणला आहे. ज्यांना हवा त्यांनी व्याख्यानानंतर जरूर भेटावं.